इस्माईल मर्चंट : पडद्यामागचे आयुष्य

इस्माईल मर्चंट यांचा जन्म २५ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या एका मुस्लिम कुटुंबात झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे १९६१ साली दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांची गाठ पडली, आणि दोघांनी चित्रसंस्था काढली. इस्माईलभाई पैसा उभा करीत, नटांना स्वतः रांधून जेवू घालीत. 'द कोर्टिझन्स ऑफ बॉम्बे' (१९८३) या चित्रपटात त्यांनी मुंबईच्या पवनपूल वस्तीतील नाचगाणे करणाऱ्या स्त्रियांचे जीवन दाखविले. समाज ज्यांना नावे ठेवतो त्यांच्याकडे त्यांनी कॅमेरा वळविला. स्वतःविषयी मात्र ते मौन राहिले.

आयव्हरी हे नुसते भागीदार नव्हते, जीवनसाथी होते. मुंबईच्या परंपरानिष्ठ घराला धक्का बसू नये, म्हणून ही गोष्ट उघड बोलली गेली नाही. २५ मे २००५ रोजी इस्माईलभाई लंडनला निवर्तले; दफन मुंबईत झाले. पुढे आयव्हरी मोकळेपणी बोलले. स्टीफन सूसी यांच्या 'मर्चंट आयव्हरी' (२०२३) या माहितीपटात त्या नात्याची नोंद झाली.

मृताचे मौन मोडावे काय? मला वाटते, जोडीदाराला तो अधिकार आहे. ते आयुष्य त्याचेही होते. आमच्या शिरगावच्या प्रतिशिर्डीत, मशिदीत राहिलेल्या फकिरापुढे हजारो माथी टेकतात. त्याची जात कोणी विचारीत नाही. मग एका मुसलमान पुरुषाने पुरुषावर प्रेम केले, एवढ्याने आपण का बिचकावे? पुढच्या इस्माईलला तरी आपली गोष्ट हयातीतच सांगता यावी.