सूर्यावरचा वायू आणि विजयदुर्गचा साहेब

वाढदिवसाच्या पार्टीत छताला जाऊन चिकटणारा फुगा आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यातला वायू ओढून चिरक्या आवाजात बोलणारे कलाकारही प्रत्येक होस्टेलमध्ये असतात. (हे करू नका हं! सिलिंडरमधून तर मुळीच नको. ऑक्सिजन न मिळाल्यामुळे माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो.) हा वायू म्हणजे हेलियम. पृथ्वीवर सापडायच्या आधी तो सूर्यावर सापडला, आणि तो ज्यांना सापडला त्या नॉर्मन लॉकियर साहेबांची ही गोष्ट.

ही गोष्ट मीच का सांगतोय? कारण मी देवगड तालुक्यातला. आपल्या पनवेलच्या पळस्पे फाट्यावरून जो गोवा हायवे सुटतो, तो धरून खाली गेलं की आमचा विजयदुर्ग किल्ला लागतो. तिथे दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. किल्ल्यावर काही चौथरे आहेत, त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. १८६८ साली लॉकियर साहेबाने याच कट्ट्यांवर दुर्बीण लावून ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला, असं आमच्याकडे सांगतात. पण साहेबाचं चरित्र तारखांसकट पाहिलं तर हिशोब जुळत नाही. खरं काय घडलं ते क्रमाने सांगतो.

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी या गावी झाला. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. १८५७ मध्ये लंडनच्या युद्ध खात्यात ते कारकून म्हणून चिकटले. दिवसा फायली आणि रात्री दुर्बीण, असा त्यांचा दिनक्रम. चंद्र आणि मंगळ पाहता पाहता ते सूर्याकडे वळले. तेव्हा वर्णपटमापक हे उपकरण नवं होतं. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठरावीक रंगाच्या रेषा देतं, हे बुन्सेन आणि किर्शॉफ यांनी १८६० च्या सुमारास दाखवलं होतं. फर्स्ट इयरला फिजिक्स लॅबमध्ये आपण सोडियम दिव्यासमोर स्पेक्ट्रोमीटर लावून डोळे फोडतो, तो प्रयोग याच घराण्यातला. गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं की ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग म्हणजे सोडियमची सही. सूर्याच्या प्रकाशात अशा सह्या वाचता आल्या, तर तिथे न जाताही तिथलं रसायनशास्त्र कळतं.

सूर्याच्या कडेला ज्वाळा उठतात. त्या फक्त खग्रास ग्रहणातच दिसतात, असं तेव्हा मानत असत. वर्णपटमापकाने त्या ग्रहणाशिवायही दिसतील, ही कल्पना लॉकियरनी १८६६ मध्येच मांडली. हवं तसं उपकरण मात्र बनवून मिळायला दोन वर्षं गेली.

तेवढ्यात १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण आलं. त्याची सावली आपल्या भागावरूनच गेली. जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यंत्रं लावून बसले होते. ज्वाळांच्या रेषा इतक्या झगझगीत होत्या की जान्सेननी दुसऱ्या दिवशी, ग्रहण संपल्यावरही, त्या पुन्हा पाहिल्या. त्या वेळी लॉकियर कुठे होते? इंग्लंडमध्ये, उपकरणाची वाट बघत! ते हाती आलं ऑक्टोबरच्या मध्यात. २० ऑक्टोबरला लंडनहूनच त्यांनी ते सूर्याच्या कडेवर रोखलं आणि रेषा दिसल्या. गंमत म्हणजे दोघांचीही पत्रं पॅरिसच्या अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचली गेली. कुणाला पहिलं म्हणायचं? फ्रेंच सरकारने भांडण होऊच दिलं नाही. १८७२ मध्ये दोघांचे चेहरे असलेलं पदकच काढलं.

आता खरी मेख. त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. पिवळी म्हणजे सोडियमच, असं कुणीही म्हणालं असतं. पण सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात, आणि ही ५८७.६ च्या आसपास होती. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा! आपण जर्नलमध्ये असा फरक प्रायोगिक त्रुटी म्हणून लिहून मोकळे होतो. लॉकियर मोकळे झाले नाहीत. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासोबत त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनकडून ही रेषा मिळते का ते तपासलं. ती मिळेना. मग हे नवंच मूलद्रव्य असणार. ग्रीक भाषेत हेलिओस म्हणजे सूर्य, त्यावरून हेलियम हे नाव पडलं. हा धातू असावा असं वाटल्याने शेवटी सोडियमसारखं ‘इयम’ लागलं. म्हणूनच निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन या भावंडांत त्याचं नाव वेगळं पडतं.

बाटलीत दाखवता येत नाही असं मूलद्रव्य मानायला पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते. ही ओढाताण सुमारे २७ वर्षं चालली. लॉकियर दरम्यान रिकामे बसले नव्हते. १८६९ मध्ये त्यांनी ‘नेचर’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ५० वर्षं स्वतः संपादित केलं. आज जगातले संशोधक ज्यात एक पेपर छापून यावा म्हणून जिवाचं रान करतात, तेच हे. शेवटी मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकून निघालेला वायू तपासला, तर तीच पिवळी रेषा! युरेनियमच्या किरणोत्सर्गातून निघणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच केंद्रकं, म्हणून तो खडकात अडकलेला होता. हे कारण मात्र नंतर कळलं. बत्तिसाव्या वर्षी पाहिलेली रेषा अठ्ठावन्नाव्या वर्षी हातात आली.

आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखरच आमच्या किल्ल्यावर आले. तेव्हा ते ६१ वर्षांचे आणि ‘सर’ झालेले होते. सोबत ब्रिटिश आरमाराच्या मेल्पोमीन जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी मदतीला होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, त्यामुळे कोणी कुठली झडप कधी उघडायची याची आधी कवायतच करावी लागे. म्हणजे साहेब आले हे खरं, ग्रहण पाहिलं हेही खरं. फक्त हेलियम त्याआधी तीन वर्षं पृथ्वीवरही सापडला होता. १८६८ आणि १८९८ या दोन सालांची सांगताना सरमिसळ झाली. आणि कोकणात १८ ऑगस्टला पाऊस कसा असतो, हे आम्हाला कुणी सांगायला नको!

हे गावी सांगितलं तर काही मंडळी माझ्यावर उखडतील. पण मला यात किल्ल्याचा अपमान दिसत नाही. जगातल्या नामवंत सूर्यशास्त्रज्ञाने उतारवयात यंत्रांच्या पेट्या घेऊन समुद्र ओलांडावा आणि आमच्या तटावर तळ ठोकावा, हा मान छोटा आहे का? खोट्या सालाची त्याला गरज नाही. ज्या माणसाने दीड नॅनोमीटरची चूक चालवून घेतली नाही, त्याच्या नावाने तीस वर्षांची चूक आपण चालवून घेणं बरं नव्हे.

लॉकियर सगळीकडे बरोबर होते असंही नाही. अतिउष्णतेत मूलद्रव्यं फुटून आणखी साध्या द्रव्यांत बदलतात, हे त्यांचं म्हणणं टिकलं नाही. पण त्यांनी नोंदवलेल्या रेषा खऱ्या होत्या. इलेक्ट्रॉन निसटलेले अणू त्या देतात, हे आपल्या मेघनाद साहांच्या १९२० च्या सिद्धान्ताने स्पष्ट झालं. त्याच वर्षी १६ ऑगस्टला लॉकियर वारले.

आज हेलियम फुग्यापुरता नाही. एमआरआय यंत्रातलं चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमने थंड ठेवतात. खोल समुद्रात काम करणारे पाणबुडे ऑक्सिजनमध्ये हेलियम मिसळून श्वास घेतात, कारण तिथल्या दाबाखाली नायट्रोजनची गुंगी चढते. वेल्डिंगमध्ये, पाइपांची गळती शोधायला, फायबर ऑप्टिक तारा बनवताना तोच लागतो. तो नैसर्गिक वायूबरोबर जमिनीतून मिळतो, आणि भारत जवळपास सगळा बाहेरून आणतो. एकदा हवेत सुटला की इतका हलका की हळूहळू अवकाशात निघून जातो. परत गोळा करता येत नाही.

तेव्हा मंडळी, फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये रीडिंग थोडं चुकीचं आलं, तर शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवण्याआधी एकदा पुन्हा मोजा. दहापैकी नऊ वेळा चूक आपलीच असेल. दहाव्या वेळचं सांगता येत नाही.