घरचं वर्कशॉप, घरचा कॅमेरा

फर्स्ट इयरचं वर्कशॉप म्हटलं की हॉस्टेलमध्ये सगळ्यांचीच तोंडं वाकडी होतात. सुतारकाम, लोहारकाम, फिटिंग… इंजिनियरला हे सगळं कशाला लागतं, हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो. ज्यांना तो पडतो त्यांनी कोल्हापूरच्या एका माणसाची गोष्ट जरूर वाचावी. हा माणूस ना कधी इंजिनियरिंग शिकला, ना चित्रकलेच्या शाळेत गेला. तरीही त्याच्या हातून सिनेमाचा कॅमेरा तयार झाला. तो माणूस म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापूरला ३ जून १८९० रोजी झाला. ‘पेंटर’ हे नाव त्यांना पुढे कामावरून चिकटलं. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. सुतारकाम, लोहारकाम तर होतंच, शिवाय चित्रं, मूर्ती आणि हस्तिदंतावरचं कोरीवकामही ते करत. म्हणजे घर हेच वर्कशॉप! अशा घरात सिलॅबस नसतो, सबमिशन नसतं. बघायचं, हातात हत्यार घ्यायचं, चुकायचं आणि पुन्हा करायचं. रंग, माती, लाकूड, लोखंड, सगळ्यांशी बाबूरावांची ओळख याच पद्धतीने झाली.

त्यांच्या जोडीला होते त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव. दोघांनी मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला सुरुवात केली. त्या काळी स्टेजवर राजवाडा, बाग, रस्ता हे सगळं मागच्या पडद्यावर रंगवलेलं असायचं. सपाट कापडावर खोली दाखवायची तर पर्स्पेक्टिव्ह पक्कं हवं. १९१० ते १९१६ या काळात पडदे रंगवणाऱ्यांमध्ये या दोघांचं नाव अग्रभागी होतं.

पैसा आणि नाव मिळत होतं. आरामात राहता आलं असतं! पण १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आधी त्यांनी सिनेमे दाखवण्याचा धंदा करून पाहिला. पण खरी इच्छा सिनेमा काढायची होती आणि त्यासाठी कॅमेरा हवा होता. मग त्यांनी ठरवलं, कॅमेरा आपणच बनवायचा.

हे काम किती अवघड आहे ते आपल्यासारख्यांना तरी कळायला हवं. मूकपटाच्या कॅमेऱ्यात फिल्म सेकंदाला साधारण १६ वेळा पुढे सरकते, आणि दर वेळी क्षणभर पूर्ण थांबते. थांबली की शटर उघडणार, सरकताना बंद राहणार. फिल्मच्या कडेच्या भोकांत नखासारखा दाता अडकतो आणि तिला बरोबर एका फ्रेमइतकं, म्हणजे चार भोकांइतकं, खाली ओढतो. हे सगळं हाताने फिरवायच्या एका हँडलवर! जरासा प्ले राहिला तरी पडद्यावर चित्र थरथरणार. थिअरी ऑफ मशीन्समध्ये आपण इंटरमिटंट मोशनची डायग्रॅम काढून मार्क मिळवतो. या भावांना ती धातूत उतरवायची होती.

काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. जोडीदार गेला, यंत्र अर्धवट. पडदे रंगवायचं काम तर हातात होतंच, त्यामुळे कॅमेरा सोडून दिला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. पण बाबूरावांनी तो सोडला नाही. विष्णुपंत दामले हा शिष्य त्यांच्या मदतीला होता. दोघांनी नेटाने काम चालू ठेवलं आणि १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा तयार झाला.

गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटत होता की सेन्सॉरला तो खटकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी देवादिकांना बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. सेट, कपडे, पोस्टर, सगळीकडे बाबूरावांचा स्वतःचा हात असायचा.

मात्र शेवट गोड झाला असं नाही. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम ही त्यांच्या तालमीत तयार झालेली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. पुढे काही वर्षांतच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. दुसरा एखादा खचला असता. बाबूराव पुन्हा ब्रशकडे आणि मातीकडे वळले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा, १९४५ सालचा. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

मला वाटतं, खरी गंमत इथेच आहे. कंपनी बंद पडू शकते, माणसं सोडून जाऊ शकतात, पण घरी शिकलेली कला हातातून कोणी काढून घेऊ शकत नाही. आणि ती दुसऱ्याला दिली तर संपतही नाही. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पुण्यात प्रभातच्या स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे आज सिनेमाची रीतसर डिग्री-डिप्लोमावाली शिक्षणं होतात. त्या सगळ्याचं मूळ शोधत गेलं तर आपण कोल्हापूरच्या एका मेस्त्रीच्या घरात जाऊन पोचतो. त्या घरात एक मुलगा वडिलांच्या हातांकडे बघत बसलेला होता.