गाडगे महाराज

डेबूजी झिंगराजी जानोरकर तथा गाडगे महाराज (जन्म : २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जि. अमरावती, मृत्यू : २० डिसेंबर १९५६, अमरावतीजवळ) हे महाराष्ट्रातील कीर्तनकार संत व समाजसुधारक होत. परीट समाजात जन्मलेल्या डेबूजींनी मुलीच्या बारशाला मद्यमांसाची प्रथा मोडून गोडाचे जेवण घातले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. हाती खराटा व मातीचे गाडगे घेऊन ते गावोगाव फिरत. दिवसा गाव झाडीत, रात्री कीर्तन करीत.

पंढरपुरास येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना धर्मशाळांत प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी महाराजांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा उभारली. नाशिक, आळंदी व देहू येथेही यात्रेकरूंच्या निवाऱ्याची सोय झाली; अंध, अपंग व कुष्ठरोग्यांसाठी अन्नसत्रे चालली. या अन्नदानाला देवापुढील नैवेद्याहून ते मोठे मानीत. मात्र त्या अन्नाला स्वतः शिवत नसत. मागून आणलेली भाकरीच खात. पत्नी कुंताबाईही नाशिकच्या धर्मशाळेबाहेर झोपडीत राहत. ही कठोरता घरच्यांना जड गेली असावी. पण एकाही वास्तूवर त्यांनी कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये विद्यार्थी वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली.