वाचकांच्या वेढ्यातील प्राध्यापक

१ डिसेंबर २००३ रोजी न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथे सुमारे एक लाख माणसे रस्त्यावर लोटली होती. कोणा राजाची स्वारी यायची नव्हती की निवडणुकीचा विजय साजरा व्हायचा नव्हता. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटत्रयीचा अखेरचा भाग त्या दिवशी प्रथमच दाखवला जाणार होता, एवढेच निमित्त. ज्या कथेपायी हा जनसागर उसळला, तिचे कर्ते जे. आर. आर. टॉल्किन तीस वर्षांपूर्वीच निवर्तले होते. हयात असताना अशाच चाहत्यांपासून सुटका व्हावी म्हणून या गृहस्थाला राहते घर सोडावे लागले होते आणि आपला दूरध्वनी क्रमांक निर्देशिकेतून काढून टाकावा लागला होता. आज पडद्यावरील प्रत्येक बदलाविरुद्ध चाहते त्यांच्याच नावाने दाद मागतात आणि बदलाचे समर्थकही त्यांचाच हवाला देतात. तेव्हा या उत्साहाशी त्यांचा स्वतःचा व्यवहार कसा होता, हे पाहणे उचित ठरेल.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. आई दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आलेली असताना, १८९६ मध्ये, वडील तिकडेच वारले. पुढे आईने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि आप्तांनी मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ मध्ये मधुमेहाने तीही गेली. त्या काळी इन्सुलिन उपलब्ध नव्हते. बारा वर्षांच्या या मुलाचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या एका धर्मगुरूंनी पत्करले. ते पालक प्रेमळ होते, पण करडेही होते. मुलगा एडिथ नावाच्या, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठ्या अनाथ मुलीत गुंतला आहे असे कळताच, एकविसावे वर्ष उजाडेपर्यंत तिच्याशी पत्रव्यवहारही करायचा नाही, असे त्यांनी बजावले. मुलाने आज्ञा पाळली आणि एकविसावे लागले त्याच रात्री पत्र लिहायला घेतले. १९१६ च्या मार्चमध्ये दोघांचा विवाह झाला.

त्याच वर्षी लँकेशायर फ्युजिलियर्स या पलटणीतील संदेशवहन अधिकारी म्हणून ते सोमच्या रणभूमीवर गेले. शाळेत त्यांच्यासह चार जिवलग मित्रांचे एक मंडळ होते. त्यांतले दोघे त्या वर्षअखेरपर्यंत मरण पावले. टॉल्किन स्वतः खंदकज्वराने आजारी पडून मायदेशी परतले, आणि त्या आजारपणाच्या काळातच त्यांच्या पुराणकथांची पहिली पाने लिहिली गेली. या कथांचे मूळ मात्र युद्धाहूनही जुने आहे. भाषा रचण्याचा छंद त्यांना लहानपणापासून होता. फिनिश आणि वेल्श या भाषांच्या नादाने मोहून त्यांनी स्वतःच्या भाषा घडवल्या, त्यांचे व्याकरण बांधले. मग त्या भाषा बोलणारी माणसे हवीत, त्या माणसांना इतिहास हवा, इतिहासाला भूमी हवी, अशा क्रमाने 'मिडल-अर्थ' हे जग उभे राहिले. कथेसाठी भाषा रचणारे लेखक पुष्कळ सापडतील, भाषेसाठी कथा रचणारा विरळाच.

नोकरीचा मार्ग सरळ होता. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात 'डब्ल्यू' अक्षराच्या काही शब्दांवर काम, मग लीड्स येथे अध्यापन, १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे अध्यासन आणि १९४५ पासून १९५९ मधील निवृत्तीपर्यंत इंग्रजी भाषेचे. चार मुलांचा संसार, अपुरा पैसा, दर उन्हाळ्यात शालेय परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासून केलेली जादा कमाई. शिक्षकवर्गाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. अशाच एका उत्तरपत्रिकेतील कोऱ्या पानावर त्यांनी 'हॉबिट' हा शब्द असलेले पहिले वाक्य खरडले.

'द हॉबिट' १९३७ मध्ये छापले गेले, ते एका वाचकाच्या शिफारशीवरून. हा वाचक दहा वर्षांचा होता. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या रेनर नावाच्या मुलाला वाचायला दिले आणि अभिप्रायाचे मोल म्हणून एक शिलिंग दिले. पुस्तक खपले, तशी पुढच्या भागाची मागणी सुरू झाली. तो पुढचा भाग पुरा व्हायला बारा वर्षे लागली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे त्याचे नाव. सर्वसत्ता देणारी एक दुष्ट अंगठी वापरण्याऐवजी ती नष्ट करण्यासाठी निघालेल्या लहानखुऱ्या माणसांची ही कथा. लिहून झालेली प्रकरणे टॉल्किन सी. एस. लुइस प्रभृती मित्रांच्या बैठकीत वाचून दाखवीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता, त्याला ती टपालाने जात. एवंच, श्रोता समोर असल्याखेरीज हा लेखक पुढे सरकत नसे.

हस्तलिखित तयार झाले तेव्हा रेनर अन्विन वडिलांच्या संस्थेत कामाला लागला होता. या ग्रंथात हजार पौंड बुडण्याचा संभव आहे असे त्याने कळवले, आणि तरीही तो छापावा असे सुचवले. कागद महाग होता, म्हणून ग्रंथाचे तीन खंड केले. लेखकाला आगाऊ रक्कम नाही, खर्च भरून निघाल्यावर नफ्यात निम्मा वाटा, असा करार झाला. पहिले दोन खंड १९५४ मध्ये आले. दुसऱ्याच्या शेवटी नायक शत्रूच्या हाती सापडतो, आणि तिसरा खंड परिशिष्टांचे काम रेंगाळल्यामुळे थेट ऑक्टोबर १९५५ मध्ये निघाला. मधले अकरा महिने वाचक अक्षरशः तळमळत होते. पुढील चित्रपटाच्या वार्तेसाठी आज जी उलघाल होते, ती त्यांनी तेव्हाच अनुभवली. १९५६ च्या आरंभी नफ्याचा पहिला धनादेश आला, तो साडेतीन हजार पौंडांहून अधिक होता. विद्यापीठाच्या वार्षिक वेतनापेक्षा ही रक्कम मोठी होती.

पाठोपाठ पत्रेही आली. अमुक राजाचा वंश कोणता, तमुक शब्दाची व्युत्पत्ती काय, प्राणी वाईट जन्मतो की वाईट बनवला जातो, असे प्रश्न वाचक विचारीत आणि टॉल्किन त्यांची पानेच्या पाने उत्तरे लिहीत. काही उत्तरे इतकी लांबत, की ती पाठवायचीच राहून जात. १९८१ मध्ये त्यांची निवडक पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा या न धाडलेल्या मसुद्यांचे मोल कळले. त्यांच्या सृष्टीविषयी आज जे ज्ञात आहे, त्यातील बराचसा भाग अनोळखी वाचकांनी टोकल्यामुळे लिहिला गेलेला आहे.

चित्रपटाचा प्रश्न १९५७ मध्येच उद्भवला. अमेरिकेतील काही मंडळींनी व्यंगचित्रपटाचा प्रस्ताव मांडला, आणि टॉल्किन यांनी तो झिडकारला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भरघोस पैसा मिळावा किंवा नको ते बदल रोखण्याचा अधिकार मिळावा, दोहोंपैकी एक तरी पदरात पडावे, असे त्यांचे आणि प्रकाशकांचे रोखठोक धोरण होते. पुढील वर्षी पटकथेचा आराखडा हाती आला आणि प्राध्यापकांचा पारा चढला. बोरोमिरचे नाव चुकीचे लिहिले होते. मूळ कथेत क्वचित येणारे गरुड जागोजागी वाहनासारखे राबवले होते. प्रवासातील ऋतूंचा आणि दिवसांचा हिशेब विस्कटला होता, आणि नसलेल्या मारामाऱ्या घुसडल्या होत्या. टॉल्किन यांनी उत्तरपत्रिका तपासावी तसा तो आराखडा ओळीगणिक तपासला. त्यांचा आक्षेप संक्षेपाला नव्हता. लांबलेला भाग पिळण्यापेक्षा सरळ गाळावा, असेच त्यांचे मत होते. कथेचा गाभा कशात आहे हे लेखकाला उमगलेलेच नाही, ही त्यांची तक्रार होती. प्रस्ताव पुढे बारगळला.

यापुढील प्रकरण सर्वांत उद्बोधक आहे. परदेशी छापलेल्या इंग्रजी पुस्तकांबाबत अमेरिकेचा तत्कालीन कायदा चमत्कारिक होता. बाहेरून किती प्रती आणाव्यात यावर मर्यादा होती, ती ओलांडल्यास स्वामित्वहक्क धोक्यात येई. या फटीचा आधार घेऊन १९६५ मध्ये एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने लेखकाची परवानगी न घेता आणि एक छदामही न देता तिन्ही खंड स्वस्त आवृत्तीत बाजारात आणले. किंमत प्रत्येकी पंचाहत्तर सेंट. टॉल्किन यांनी मजकुरात सुधारणा करून दिल्यावर बॅलंटाइन या संस्थेची अधिकृत आवृत्ती ऑक्टोबरमध्ये निघाली, तीही पंचाण्णव सेंटना. न्यायालयात जावे तर कायदा संदिग्ध. तेव्हा या वृद्ध प्राध्यापकांनी एक साधा उपाय केला. अमेरिकी वाचकांना धाडायच्या प्रत्येक उत्तरात, ती आवृत्ती आपल्या संमतीवाचून निघाली आहे आणि हे आपल्या मित्रांनाही सांगावे, अशी टीप ते जोडू लागले.

परिणाम विलक्षण झाला. वाचकांनी महागडी आवृत्ती मागायला सुरुवात केली, इतकेच नव्हे तर दुसरी आवृत्ती ठेवू नये असा आग्रह पुस्तकविक्रेत्यांकडे धरला. विज्ञानकथालेखकांच्या संघटनेनेही बाजू उचलली. १९६६ च्या आरंभी एस बुक्सने विकलेल्या प्रतींचे मानधन देण्याचे आणि पुनर्मुद्रण न करण्याचे मान्य केले. हे वाचक बव्हंशी विद्यार्थी होते. तिन्ही खंडांमागे साठ सेंटचा फरक त्यांच्या खिशाला जाणवणाराच होता. ज्यांना चाहते म्हणून हिणवले जाते, त्यांनी स्वतःच्या पैशाने लेखकाचा हक्क राखला. वर्षानुवर्षे पत्रांना उत्तरे देण्यात घालवलेला वेळ अशा रीतीने सव्याज परत आला.

पण व्याजाबरोबर वेढाही आला. या वादाच्या गाजावाजाने पुस्तक अमेरिकेच्या विद्यापीठांत घरोघर पोहोचले. न्यूयॉर्कमधील एका शाळकरी मुलाने टॉल्किन मंडळ स्थापन केले, कथेतील पात्रांच्या नावांचे बिल्ले तरुणांच्या छातीवर दिसू लागले. इंग्लंडमध्ये तेव्हा मध्यरात्र असते याचे भान न ठेवता अमेरिकेहून दूरध्वनी येत. पाहुणे न कळवता दारात उभे राहत. अखेर १९६८ मध्ये, एडिथच्या प्रकृतीसाठीही, त्यांनी ऑक्सफर्ड सोडले आणि बोर्नमथजवळ समुद्रकाठी बिऱ्हाड केले. नवा पत्ता कोणाला द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. एका भक्ताने त्यांना पोलादी चषक भेट पाठवला. त्यावर त्या दुष्ट अंगठीवरचाच मंत्र कोरलेला होता! टॉल्किन त्यातून कधी प्यायले नाहीत, चिलिमीची राख झाडायला तो वापरला. भक्ताच्या हौसेला यापेक्षा मार्मिक उत्तर सुचणे कठीण.

१९६९ मध्ये त्यांनी चित्रपटाचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीला विकले. अकरा वर्षांपूर्वी एकेका नावावरून भांडणारा लेखक आता नियंत्रण सोडून रक्कम घेऊन मोकळा झाला, याबद्दल काहींना खेद वाटतो. पण वय सत्याहत्तर, पत्नी आजारी, डोक्यावर करांचा बोजा, आणि पैसा की नियंत्रण हा पर्याय त्यांनीच पूर्वी मोकळेपणाने मांडलेला. यात दुटप्पीपणा शोधणे अन्यायाचे आहे. १९७१ मध्ये एडिथ वारली. टॉल्किन ऑक्सफर्डला परतले, आणि २ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, बोर्नमथ येथे त्यांचे निधन झाले.

विकलेल्या हक्कांनी नंतर बरेच हात बदलले. राल्फ बक्षी यांचा १९७८ चा व्यंगचित्रपट अर्ध्यावरच थांबला. पीटर जॅक्सन यांची त्रयी २००१, २००२ आणि २००३ च्या डिसेंबरांत आली, आणि तिसऱ्या भागाने अकरा ऑस्कर पारितोषिके मिळवली. चित्रीकरण चालू असताना चाहत्यांची नजर प्रत्येक बातमीवर होती. हेल्म्स डीपच्या लढाईत आर्वेन या राजकन्येला तलवार घेऊन उतरवले आहे अशी वार्ता फुटली, तेव्हा गदारोळ झाला. चित्रित झालेली ती दृश्ये अखेर पडद्यावर आली नाहीत. पहिल्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत तर श्रेयनामावलीनंतर चाहतामंडळाच्या सभासदांची नावे कितीतरी मिनिटे सरकत राहतात. दुसरीकडे, ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी उघड नापसंती व्यक्त केली. आणि करारानुसार मिळायचा साडेसात टक्के वाटा मिळाला नाही म्हणून वारसांनी २००८ मध्ये दावा लावला, तो पुढील वर्षी तडजोडीने मिटला.

चाहत्यांच्या कोलाहलाला पोरकटपणा म्हणणाऱ्यांनी १९६५ आठवावे. आणि प्रत्येक बदलावर लेखकाच्या वतीने निकाल देणाऱ्यांनी तो राखेचा चषक आठवावा. टॉल्किन यांनी वाचकांना उत्तरे दिली, त्यांची मदत घेतली, पण आपल्या घराची किल्ली त्यांच्या हाती दिली नाही. २०२२ मध्ये त्यांच्या परिशिष्टांवर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तेव्हा पात्रांच्या वर्णावरून काही तथाकथित निष्ठावंतांनी नटनट्यांवर जी चिखलफेक केली, तिला आराखड्यातील चुका दाखवणाऱ्या प्राध्यापकाचा वारसा सांगता येणार नाही. त्यांचा राग कथा न समजलेल्या लेखणीवर होता.

इंग्लंडमधील टॉल्किन सोसायटी १९६९ मध्ये स्थापन झाली आणि १९७२ मध्ये टॉल्किन यांनी तिचे मानद अध्यक्षपद स्वीकारले. त्यांच्या मृत्यूनंतर संस्थेने दुसरा अध्यक्ष नेमलेला नाही. दर ३ जानेवारीला रात्री नऊ वाजता जगभरचे सभासद आपापल्या गावी पेला उंचावून प्राध्यापकांचे नाव घेतात. दूरध्वनी मात्र कोणाला करावा लागत नाही.