पायवाटेवरील साधक : बाशो

जपानचे श्रेष्ठ हायकूकार मात्सुओ बाशो यांचा जन्म १६४४ साली इगा प्रांतात झाला. एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, त्यांना कीर्ती आणि शिष्यगण लाभले. तरीही बुच्चो या झेन भिक्षूंकडे ते ध्यान शिकले आणि झोपडीत राहिले.

१६८९ च्या वसंतात ती झोपडीही दुसऱ्याच्या हवाली करून ते उत्तरेकडील दुर्गम खेड्यापाड्यांच्या वाटेस लागले. सोबतीस शिष्य सोरा होते. त्यांनी मुंडन करून चीवर धारण केले होते. बाशोंना रिकाम्या हातांनी निघावयाचे होते, परंतु स्नेह्यांच्या भेटवस्तू टाकवेनात. त्या ओझ्याने पहिल्याच दिवशी खांदे दुखले. पुढे जुन्या आजाराने गाठले. वादळामुळे नाक्यावरील पहारेकऱ्याच्या घरी तीन दिवस अडकावे लागले. यामानाका येथे आजारी सोरांना निरोप द्यावा लागला. तरीही चालणे थांबले नाही. सुमारे पाच महिन्यांत अंदाजे २४०० किलोमीटर वाट तुडवून ते ओगाकीस पोहोचले. तेथे सोरा पुन्हा भेटले.

१६९४ साली प्रवासातच, ओसाका येथे, त्यांचे निधन झाले. त्या पदयात्रेचा वृत्तांत ‘ओकु नो होसोमिची’ १७०२ साली छापला गेला.

तथागतांच्या चारिकेचा वारसा आम्ही या जीवनात पाहतो. घर सोडून वसतिगृहात आलेल्या आमच्या प्रत्येक लेकराच्या पेटीतही मायेचे असेच ओझे असते. ते टाकावयाचे नसते; घेऊनच चालावयाचे असते.