वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म : १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिवैज्ञानिक, अध्यापक आणि संशोधनसंस्थांचे संघटक होते. भारतातील आधुनिक विकृतिविज्ञानाचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. कर्करोग, कुष्ठरोग आणि रक्तगट ही त्यांच्या संशोधनाची तीन मुख्य क्षेत्रे होत. दीर्घकाळ टिकणारा दाह शरीरात काय घडवितो आणि वेदनेची सूचना कोणत्या रोगांत उशिरा मिळते किंवा मिळतच नाही, हे प्रश्न त्यांच्या कर्करोगाच्या व कुष्ठरोगाच्या अभ्यासांना एकत्र जोडतात.

जीवन आणि शिक्षण

खानोलकरांचे वडील शल्यचिकित्सक होते व त्यांची नोकरी बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे होती. वसंतरावांचे बालपण तेथेच गेले. पुढे त्यांनी इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिविज्ञानातील एम. डी. ही पदवी मिळविली.

भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिविज्ञानाचे अध्यापन केले. त्या काळी आपल्याकडील विकृतिवैज्ञानिकाचे काम प्रामुख्याने शवविच्छेदन करणे, नमुने तपासून अहवाल देणे आणि विद्यार्थ्यांना शिकविणे एवढेच समजले जाई. रोग्याची राहणी, त्याच्या सवयी, त्याचा प्रदेश आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी त्याची पेशी यांचा परस्परांशी संबंध लावणे, हेही विकृतिवैज्ञानिकाचे काम आहे, असे खानोलकरांनी आपल्या संशोधनातून दाखवून दिले.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे खानोलकरांकडे आली. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली व त्याचे ते संचालक झाले. पेशीसंवर्धनावर काम करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधकांची पिढी त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली.

दाह आणि वेदना : वैद्यकीय पार्श्वभूमी

खानोलकरांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी दाहाची कल्पना स्पष्ट असणे आवश्यक आहे. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदविली. अवयवाचे कार्य थांबणे हे पाचवे लक्षण त्यांत पुढे जोडले गेले. इजा किंवा जंतुसंसर्ग झाला की त्या जागेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात व तेथे रक्त अधिक येते. त्यामुळे जागा लाल व गरम होते. वाहिन्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो आणि सूज येते. पांढऱ्या पेशी तेथे गोळा होऊन जंतूंशी लढतात. या क्रियेत निर्माण होणारी रसायने मज्जातंतूंची टोके संवेदनशील करतात आणि ती जागा दुखू लागते. ॲस्पिरिनसारखी औषधे यांपैकी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतात, म्हणून सूज व ठणका दोन्ही कमी होतात. हे कार्य जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडले.

अल्पकाळचा दाह बहुधा उपकारक असतो. घाव भरला की तो शमतो. मात्र कारण दूर न झाल्यास तो महिनोन्‌महिने धुमसत राहतो. अशा जुनाट दाहात लाली आणि ठणका ठळक नसतात. ऊतींचा नाश व त्यांची दुरुस्ती एकाच वेळी चालू राहते, व्रण साकळतात आणि काही ठिकाणी पेशींची वाढ बिघडते. खानोलकरांचे बरेचसे संशोधन या न दुखणाऱ्या प्रक्रियेविषयी आहे.

सवयी आणि कर्करोग

१९४५ साली खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी भारतातील चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन प्रकारांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पहिला प्रकार कमरेच्या त्वचेचा. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी आवळून नेसल्याने तेथील त्वचेचे सतत घर्षण होते. आधी तिचा रंग बदलतो, ती जाड होते, तिला भेगा पडतात आणि काही रोग्यांत पुढे तेथे कर्करोग उद्भवतो. दुसरा प्रकार आंध्र किनाऱ्यावरील. तेथे चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत होती व त्यामुळे टाळूचा कर्करोग होई. तिसरा प्रकार बिहारमधील. तंबाखू व चुना यांची खैनी खालच्या ओठाच्या आत ठेवण्याची सवय तेथे होती आणि कर्करोग नेमका त्याच खाचेत दिसे.

या तीन उदाहरणांतून एक सूत्र हाती आले. क्षोभक पदार्थाची अथवा घर्षणाची जागा आणि कर्करोगाची जागा एकच होती. हा रोग दैवाने वा कुळाने येतो, हा समज त्यामुळे ढिला झाला, कारण सवय बदलता येते. दुसरी लक्षणीय गोष्ट वेदनेची. तोंडातील पांढरा चट्टा किंवा सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखू लागेपर्यंत रोग पुष्कळदा खोलवर गेलेला असतो. विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना यांच्या खर्ऱ्याचे व्यसन असलेल्यांना हे आजही लागू पडते. तिखट सोसेनासे होणे, तोंडाची आग होणे आणि तोंड पूर्ण न उघडणे ही तेथील जुनाट दाहाची व तंतुमयतेची लक्षणे असून त्यांची तपासणी ठणक्याची वाट न पाहता करावी लागते.

कुष्ठरोगाचे संशोधन

नॉर्वेतील बर्गेन येथे आर्मौअर हॅन्सेन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला. तरीही हा जंतू कृत्रिम माध्यमात वाढविता येत नसल्याने रोगाची सुरुवात कशी होते हे फारसे कळलेले नव्हते. जुने, विद्रूप झालेले रोगी वैद्यकाला परिचित होते, पण आरंभीचा फिकट चट्टा दुर्लक्षित राहत असे. खानोलकरांनी नेमक्या या आरंभीच्या चट्ट्यांतील त्वचेचे तुकडे तपासले. त्यांचा हा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला.

त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंमध्ये जंतूंचा प्रवेश फार लवकर होतो, असे त्यांना आढळले. रोगाचा बाह्य प्रकार कोणताही असो, मज्जातंतूंचा विकार त्याच्या मुळाशी असतो, असे प्रतिपादन त्यांनी केले. त्वचा वरवर निरोगी दिसत असतानाही जंतू आत असू शकतात, या रोगाच्या मूक अवस्थेकडेही त्यांनी लक्ष वेधले. जंतू मज्जातंतूच्या अक्षतंतूंतून वरच्या दिशेने सरकत जातात, अशी त्यांची उपपत्ती होती. पुढील संशोधनात या मार्गाऐवजी मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वॉन पेशी आणि त्यांच्या रक्तवाहिन्या यांना अधिक महत्त्व मिळाले. मात्र कुष्ठरोग हा मूलतः मज्जातंतूंचा रोग आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन टिकून राहिले.

या प्रतिपादनामुळे रोगाचे एक विचित्र स्वरूप स्पष्ट झाले. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या रोग्यात जंतूंविरुद्धचा दाह मज्जातंतूच्या आत पेटतो. मज्जातंतूभोवती ताठर आवरण असल्याने सुजेला पसरण्यास जागा मिळत नाही आणि तंतू आतल्या आत चेपले जातात. कोपरामागील, गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा व घोट्यामागील मज्जातंतू यांना विशेष बाधा होते. दाहाचे चौथे लक्षण जी वेदना, ती वाहून नेणारी यंत्रणाच दाहाने नष्ट होते. म्हणून चट्टा बधिर असतो आणि रोगी निश्चिंत राहतो.

पुढची हानी जंतूपेक्षा बधिरतेमुळे अधिक होते. चुलीवरचे भांडे उतरविताना बोट भाजते, पण हात मागे घेतला जात नाही. शेतात अनवाणी चालताना बाभळीचा काटा मोडतो व त्यावरच दिवसभर चालणे होते. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोटे आखूड होतात. रोगाने बोटे झडतात, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. वेल्लोर येथे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी याच काळात प्रत्यक्ष निरीक्षणातून दाखविले की, बोटांचा नाश मुख्यतः न जाणवलेल्या इजांमुळे होतो. खानोलकरांचे सूक्ष्मदर्शकाखालील निष्कर्ष आणि ब्रँड यांची रुग्णालयातील निरीक्षणे परस्परपूरक आहेत.

१९५८ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कुष्ठरोग्याच्या ऊतीपासून एक जिवाणू वेगळा काढण्यात आला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जिवाणू म्हणून ओळखला जातो. हा कुष्ठरोगाचा मूळ जंतू असल्याचे मान्य झाले नाही, परंतु त्याच्यापासून पुढे कुष्ठरोगावरील लस तयार करण्यात आली व तिच्या चाचण्याही झाल्या.

विदर्भातील कुष्ठसेवा आणि उपचार

खानोलकरांची प्रयोगशाळा मुंबईत होती. त्याच सुमारास कुष्ठरोगाचा भार मोठा असलेल्या विदर्भात सेवासंस्थांचे जाळे विणले जात होते. परतवाड्याजवळील कोठारा येथे मिशनचे रुग्णालय होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवन उभारले आणि पुढे वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन आले. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला कोंडून ठेवण्याची मुभा दिली होती. या संस्थांनी त्याला निवारा, औषध आणि हाताला काम दिले. वरूड-मोर्शीच्या शेतमळ्यांतून किंवा मेळघाटातून येणारा रोगी बहुधा फार उशिरा येई. दुखत नाही म्हणून तो थांबलेला असे आणि समाजाने दूर लोटू नये म्हणून त्याने चट्टा लपविलेला असे.

उपचारही या काळात बदलत गेले. कडू कवठाच्या तेलाची टोचणी मागे पडून १९४० च्या दशकानंतर डॅप्सोन हे औषध रूढ झाले. जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमीन व डॅप्सोन यांच्या एकत्रित बहुविध उपचाराची शिफारस केली. भारतात हा उपचार सर्वप्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. हे पाहण्यास खानोलकर हयात नव्हते.

जंतू मारले तरी दाहाचा प्रश्न उरतो. उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा तो संपल्यावरही प्रतिक्रिया उद्भवू शकते. अशा वेळी मज्जातंतू एकाएकी सुजतो, कोपराजवळ दाबल्यास कळ येते, करंगळी वाकू लागते किंवा पाऊल लोंबते. ही वेदना नुसती वेदनाशामक गोळी घेऊन दडपणे घातक ठरते. प्रेड्निसोलोनसारखे स्टेरॉइड वैद्यकीय देखरेखीखाली वेळेवर दिल्यास सूज उतरते आणि मज्जातंतू पुष्कळदा वाचतो. मात्र महिनोन्‌महिने उलटून गेल्यावर गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. ज्यांची संवेदना गेली आहे, त्यांना रोज हातपाय डोळ्यांनी तपासणे, पाय पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ तळाची पादत्राणे वापरणे आणि गरम भांडे फडक्याने धरणे शिकविले जाते. हरपलेल्या वेदनेचे काम येथे डोळ्यांना करावे लागते.

अन्य कार्य आणि सन्मान

मुंबईतील विविध समाजगटांच्या रक्तगटांचा व आनुवंशिक वैशिष्ट्यांचा अभ्यास खानोलकरांनी डॉ. एल. डी. संघवी यांच्यासमवेत केला. ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले.

वारसा

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९६६ साली टाटा स्मारक रुग्णालयाशी जोडले जाऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. खानोलकरांच्या नावाने स्मृतिव्याख्याने दिली जातात. डिसेंबर २००५ मध्ये देशातील कुष्ठरोग्यांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाच्या खाली आले. तरीही नवे रोगी दरवर्षी आढळतात आणि त्यांत विदर्भातील रोगीही असतात. बधिर चट्ट्याची तपासणी कापसाच्या बोळ्याने किंवा टोकदार वस्तूच्या हलक्या स्पर्शाने गावपातळीवरही करता येते. न दुखणारा डाग आधी तपासावा, हा आज आरोग्यसेवकांना शिकविला जाणारा नियम मज्जातंतूंविषयीच्या ज्या ज्ञानावर आधारलेला आहे, त्याच्या उभारणीत खानोलकरांचा मोठा वाटा आहे.