विश्लेषण : तीन ऑस्कर मिळवूनही हॅरी वॉरन अनोळखी का राहिले?

२० जानेवारी २००९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये शपथविधीनंतरच्या समारंभात बराक आणि मिशेल ओबामा यांनी अध्यक्षीय दाम्पत्य म्हणून पहिले नृत्य केले. बियॉन्से गात होती आणि गाणे होते ‘अ‍ॅट लास्ट’. बियॉन्सेचे कौतुक झाले, हे गाणे गाजवणाऱ्या एटा जेम्स यांची आठवण निघाली. पण त्याची चाल बांधणाऱ्या हॅरी वॉरन यांचे नाव फार थोड्यांच्या ओठी आले. हयातीतही त्यांच्या वाट्याला वेगळे काही आले नव्हते.

वॉरन मूळचे कोण?

त्यांचे जन्मनाव साल्वातोरे ग्वारान्या. जन्म २४ डिसेंबर १८९३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. आईवडील इटलीतून आलेले. वडील बूट बनवायचे आणि घरात बारा मुले, त्यांतले हे अकरावे. संगीताच्या शिकवणीला पैसे कुठून येणार? मुलाने वडिलांचा अ‍ॅकॉर्डियन उचलला आणि आपला आपण शिकला. चर्चमध्ये गायला, शाळा सोडून जत्रेतल्या बँडमध्ये ड्रम वाजवू लागला. पुढे ब्रुकलिनच्याच व्हिटाग्राफ स्टुडिओत पडेल ते काम केले. त्यातले एक काम मजेशीर होते. मूकपटाच्या चित्रीकरणावेळी नटनट्यांना भाव साधावा म्हणून शेजारी पियानो वाजवायचा. म्हणजे सिनेमा बोलायला लागण्यापूर्वीच वॉरन त्याला संगीत देत होते!

हॉलीवूडमध्ये कसे पोहोचले?

१९२७ नंतर बोलपट आले आणि स्टुडिओंना गाण्यांची भूक लागली. वॉर्नर ब्रदर्सने सरळ न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या संगीत प्रकाशन कंपन्याच विकत घेतल्या. गाणी विकत आणण्यापेक्षा गाण्यांची खाणच ताब्यात घेतलेली बरी, असा हा हिशेब. पण सुरुवातीला संगीतपटांचा इतका भडिमार झाला की प्रेक्षक कंटाळले आणि लाट ओसरली. त्यात महामंदी. अशा वेळी वॉर्नरने ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ हा संगीतपट काढला. चाली वॉरन यांच्या, शब्द अल डुबिन यांचे आणि नृत्ये बस्बी बर्कली यांची. १९३३ मध्ये तो धो धो चालला आणि संगीतपटांना पुन्हा दिवस आले.

मग वॉरन यांना उसंत मिळाली नाही. ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३५’मधल्या ‘ललबाय ऑफ ब्रॉडवे’ला पहिले ऑस्कर मिळाले. फॉक्समध्ये गेल्यावर दुसरे (१९४३ चे ‘यू’ल नेव्हर नो’) आणि एमजीएममध्ये तिसरे, ज्युडी गारलंडच्या ‘द हार्वे गर्ल्स’मधल्या रेल्वेच्या गाण्यासाठी. एकूण नामांकने ११. ‘चॅटनूगा चू चू’च्या १२ लाख प्रती खपल्या, तेव्हा फेब्रुवारी १९४२ मध्ये रेकॉर्ड कंपनीने सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी भेट दिली. ‘गोल्ड रेकॉर्ड’ची प्रथा इथून सुरू झाली. तबकडी मिळाली ती बँडचे प्रमुख ग्लेन मिलर यांना.

मग नाव का झाले नाही?

याचे उत्तर बरेचसे स्टुडिओंच्या कारभारात आहे. करारावरचा संगीतकार पगारी नोकर असे. गाणे स्टुडिओच्या मालकीचे, ते चित्रपटात कुठे आणि किती वापरायचे हेही स्टुडिओ ठरवणार. ‘अ‍ॅट लास्ट’चेच पाहा. १९४१ च्या ‘सन व्हॅली सेरेनेड’मध्ये ते नुसते वाद्यांवर वाजले, शब्दांसह ऐकू आले ते पुढल्या वर्षी दुसऱ्या चित्रपटात. जाहिरातीत चेहरे झळकत ते नटांचे. ब्रॉडवेच्या नाटकांत मात्र संगीतकाराच्या नावावर तिकिटे खपत. गर्शविन, बर्लिन ही नावे तिथे मोठी झाली.

वॉरन यांचा स्वभावही आड आला, हे मान्य करायला हवे. मिरवणे त्यांना जमले नाही, पण दुर्लक्षाची खंत मात्र होती. न्यूयॉर्कची ओढ शेवटपर्यंत सुटली नाही. १९३८ मध्ये तरुण मुलगा न्यूमोनियाने गेला. त्यानंतरही मागणीप्रमाणे आनंदी, नाचऱ्या चाली देणे सुरूच होते. ‘दॅट्स अमोरे’सारखे डीन मार्टिन यांच्या नावाने ओळखले जाणारे गाणेही १९५३ मधले, त्यांचेच.

अखेर काय झाले?

ऑगस्ट १९८० मध्ये ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ ब्रॉडवेच्या रंगमंचावर आले, त्यांच्या जुन्याच चाली घेऊन. वॉरन तेव्हा ८६ वर्षांचे होते. १९८१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला आणि एकूण ३,४८६ प्रयोग झाले. २२ सप्टेंबर १९८१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वॉरन यांचे निधन झाले. वेस्टवूडच्या दफनभूमीत त्यांच्या नावाच्या फलकावर ‘यू’ल नेव्हर नो’चे सुरुवातीचे स्वर कोरले आहेत. त्या गाण्याच्या नावाचा अर्थ : तुला कधीच कळणार नाही.